ऐकणाऱ्याला धरून

क्राइस्टचर्च, ९ मे १९९६

प्रिय सोसेफिनाताईस,

लांगीला मूठमाती देऊन मी बेटावरून निघालो, त्याला आता तीन महिने होतील. या काळात तुला एकही पत्र लिहिले नाही. लिहिण्याजोगे काही नव्हते असे नाही. वाक्य सुरू केले की ते पूर्ण करावेसे वाटत नसे. अर्धवट वाक्ये पाठवणे मला मान्य नाही, म्हणून थांबलो.

प्रकृती बरी आहे. रूता पहाटे रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला जाते. जावई फेरेती मांसाच्या कारखान्यात जातो आणि नात तेउइला शाळेत जाते. सर्वजण गेल्यावर मी खिडकीशी बसतो. समोर एक कुंपण आहे. ते पांढरे आहे. थंडी पुष्कळ पडते. परंतु आम्ही दोघे आता तिला सरावलो आहोत.

मुख्य मुद्दा असा. आईच्या दफनाच्या दिवशी रूता सर्वांसमक्ष म्हणाली होती, "बाबा, यापुढे आपण एकत्र राहू." मी ते वाक्य प्रमाण मानतो. मी आता इकडचाच झालो, असे समजावे. तेव्हा तागामधले माझे घर आपल्या धाकट्या भावाच्या मुलाला, आपेरामोला देऊन टाकावे. त्याचे कुटुंब वाढते आहे आणि रिकाम्या घराला वाळवी लागते. त्याने फक्त पुढच्या खोलीतल्या कपाटातील शब्दकोश ओलाव्यापासून जपावेत.

जूनच्या आरंभी राणीच्या वाढदिवसाची जोडून सुट्टी येते. त्या वेळी ही मंडळी मला गाडीने पश्चिम किनारा दाखवायला नेणार आहेत. "बाबा, एकदा बघून घ्या," असे रूता वरचेवर म्हणते. या वाक्यात 'एकदा' हा शब्द अनावश्यक आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिले.

तुझा भाऊ,
एनेलिको


तागा, २१ मे

एनेलिको,

पत्र बसच्या ड्रायव्हरने चर्चच्या ओट्यावर आणून दिलं, सगळ्या बायकांच्या देखत. त्यामुळे तू जिवंत आहेस हे आता गावाला कळलंय. मी घरात बोलते तशीच लिहिणार. शुद्ध भाषा रविवारी देवळात. घरच्या बोलीप्रमाणे कुठे 'त'च्या जागी 'क' पडला असेल तर मास्तर, तूच लाल शाईने दुरुस्त कर आणि खूश हो.

आपेरामोला सांगितलं. पठ्ठ्याने ऐकल्या ऐकल्या फणसाच्या झाडाकडे बघितलं. दारातला तो विलायती फणस तोडून तिथे ट्रक उभा करायचा म्हणतोय. त्याची बायको चांगली आहे. अंगणातल्या लांगीच्या थडग्यावर कोकोच्या बिया वाळत घालते. ऊन सगळ्यांत चांगलं तिथेच पडतं. लांगीनेही तेच केलं असतं, दुसऱ्या कुणाच्या थडग्यावर.

जुलैच्या पहिल्या रविवारी पास्टर येऊन प्रार्थना करतील आणि आपेरामोची माणसं आत राहायला जातील. नीट ऐक. एकदा ती चिल्लीपिल्ली आत झोपली की मी त्यांना बाहेर काढणार नाही, आणि तूही काढणार नाहीस. मग तुझं इथे काही नाही. आलास तर पाहुणा म्हणून माझ्या पडवीत. म्हणून विचारते, हे रूताने ठरवलंय की तू? दफनाच्या दिवशी माणसं काहीही बोलतात. मीच त्या दिवशी पास्टरांना म्हटलं होतं की मी आयुष्यात पुन्हा जेवणार नाही. संध्याकाळी डुकराचं मटण खाल्लं.

आणखी एक. तू लिहिलंस, "आम्ही दोघे थंडीला सरावलो आहोत." मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कोण दोघे, एनेलिको?

रडलास का एकदा तरी? मी पस्तीस वर्षं नर्स होते. जे रडत नाहीत त्यांच्याकडे मी आधी जायचे.

ताई


क्राइस्टचर्च, ४ जून

प्रिय ताई,

तुझ्या पत्रातील 'क' मी दुरुस्त केलेले नाहीत.

तू दाखवलेली चूक ही लेखणीची चूक आहे. संसाराची बेचाळीस वर्षे 'आम्ही दोघे' लिहिल्यावर हात तेच लिहितो. त्यात अधिक काही शोधू नये. रडण्याबद्दल विचारलेस. तसा प्रसंग आला नाही.

प्रवास झाला. स्थलदर्शनाचा तो दिवस तुला क्रमाने सांगतो. कारण त्याच दिवशी तुझ्या 'कोणी ठरवले' या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

शनिवारी सकाळी निघालो तेव्हापासून पाऊस होता. फेरेतीने कारखान्यातल्या मित्राची मोठी गाडी आणली होती. रूताने उकडलेल्या अळकुड्या आणि डब्यातले मांस चांदीच्या कागदात बांधून घेतले होते. आपल्याकडे पानांवरच्या रोगाने अळकुड्या नाहीशा झाल्या, त्याला आता तीन वर्षे होतील. इथल्या दुकानात मात्र फिजीच्या मिळतात. चव बरी असावी. सर्वांनी बरी आहे असे म्हटले.

डोंगराच्या खिंडीत एक थांबा आहे. तिथे पितळी पाटीवर आसपासच्या शिखरांची नावे कोरली आहेत आणि प्रत्येक नावापुढे बाण आहे. बाणांच्या पुढे ढग होता. आम्ही सर्व त्या पाटीभोवती उभे राहिलो.

"हे बघा बाबा, हे सगळ्यांत उंच," फेरेती बाणाकडे बोट दाखवून म्हणाला.

"कुठे आहे?"

"आहे हो तिथेच! सरकारने लिहिलंय म्हणजे असणारच. तुम्ही फक्त मान वर करून 'वा' म्हणा. एवढं पेट्रोल जाळलंय."

मी मान वर करून 'वा' म्हटले. ते सगळे हसले. तेवढ्यात या डोंगरातला एक हिरवा, दांडगा पोपट गाडीच्या काचेवर येऊन बसला आणि काच पुसणारे रबर चोचीने ओढून काढू लागला. फेरेती चप्पल घेऊन धावला. "अरे ए! बापाचा माल आहे का?" पोपट रबराचा तुकडा घेऊन पाटीवर जाऊन बसला. तेउइला पोट धरून हसत होती. तिने माझ्याकडे पाहिले, तेव्हा मीही हसलो. हसल्यावर तोंड पुन्हा बंद करायचे असते, हे मला किंचित उशिराने आठवले.

पुढे किनारा लागला. समुद्र दिसत नव्हता. ऐकू येत होता. तिथे पाण्याने कोरलेले खडक आहेत. त्यांचे थर असे, की एखाद्याने धिरड्यांची चळत रचून ठेवावी. खडकाखाली समुद्र घुसतो आणि वरच्या भोकातून पाण्याचा फवारा उडतो. हे पाहायला दूरदूरचे लोक रेनकोट घालून आले होते. मी लुंगी आणि कोट यांत होतो, पायांत वहाणा होत्या. एका बाईने माझे छायाचित्र घेतले. त्या दिवशी जी गोष्ट स्पष्ट दिसत होती ती बहुधा मीच होतो.

तागाचा माणूस फवारा पाहून काय म्हणणार? आपल्या दारात समुद्र त्याच्या चौपट उंच उडतो आणि आपण त्याच्या आवाजात झोपतो. तेउइलाला मी पूर्वी सांगितले होते, की आपल्याकडे त्या भोकात नारळ टाकतात आणि समुद्र तो आभाळात भिरकावतो. तिने विचारले, "आजोबा, इथे नारळ नाही, मग काय टाकायचं?" आणि उत्तराची वाट न पाहता हातातली अळकुडी टाकली. आम्ही थांबलो. पाणी वर आले, अळकुडी आली नाही.

"घ्या!" फेरेती म्हणाला. "आपल्याकडे नारळ स्वर्गात जातो, आणि इथे अळकुडी पाताळात. म्हणून या लोकांना देव भेटत नाही."

लग्नानंतर लांगी पहिल्यांदा आपल्या गावी आली, तेव्हा फवाऱ्याला घाबरून ती माझ्या पाठीमागे लपली होती, हे तुला आठवत असेल. मला ते आठवले. आठवले, एवढेच. काही वाटले नाही. वाटायला हवे होते, म्हणून येथे नोंद करतो.

आता मुद्दा. पाऊस वाढला तेव्हा फेरेती आणि तेउइला गाडीकडे पळाले. माझे गुडघे पळण्याचे नाहीत. त्यामुळे रूता छत्री घेऊन माझ्याबरोबर मागे राहिली. ती सबंध छत्री माझ्यावर धरत होती. मी सांगितले की छत्रीचा दांडा मध्यभागी असावा. तिने तो मध्यभागी आणला आणि परत माझ्याकडे झुकवला.

मग ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं. आम्ही ब्रिस्बेनला जातोय. फेरेतीच्या भावाने तिकडे काम बघितलंय. सप्टेंबरात जाऊ."

मी म्हणालो, "आपण."

"काय?"

"आपण ब्रिस्बेनला जातो आहोत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर 'आपण'. इंग्रजांना एकच शब्द पुरतो, म्हणून तूही एकावर भागवू नयेस. वाक्य पुन्हा म्हण."

ती म्हणाली, "आपण…" आणि थांबली.

"पुढे?"

"नको ना बाबा. गाडीत चला, भिजाल."

गाडीत बसल्यावर फेरेतीने आरशातून तिच्याकडे पाहिले. "सांगितलंस?"

"सांगितलं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. चालव."

पुसणीचे रबर पोपटाने नेल्यामुळे फेरेतीला परतीच्या वाटेवर अर्ध्या काचेतून बघावे लागत होते. चाळिशीला टेकलेल्या माझ्या मुलीला 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद राखता येऊ नये, याचे मला वाईट वाटले पाहिजे. परदेशात भाषा अशी एकेका शब्दाने झिजत जाते.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: रूताने ठरवले आहे, मी नाही. सप्टेंबरमध्ये आपण ब्रिस्बेनला जातो आहोत. ('आपण' येथे रूताच्या वाक्यातला आहे, तुला उद्देशून मी 'आम्ही' लिहायला हवे.) तिकडे ऊन असते, असे म्हणतात. आपेरामोला निर्धास्त आत जाऊ द्यावे. फणस तोडला तरी हरकत नाही.

तुझा भाऊ,
एनेलिको


तागा, १८ जून

एनेलिको,

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं, मग थडग्यावर बसून लांगीला वाचून दाखवलं. बिया बाजूला सारल्या आणि बसले.

रूता चुकली नाही.

पुन्हा वाच आपलंच पत्र. तुझ्या त्या पोरीला सहा वर्षांची असताना तू जेवणाच्या चटईवर उभी करून 'आम्ही-आपण' घोकायला लावायचास. लांगी भात थंड होतोय म्हणून ओरडायची. मी समोर बसलेली असायचे. चुकली तर पुन्हा, पुन्हा चुकली तर पुन्हा. तिने कधी तोंड वर केलं नाही. जे म्हणायला सांगितलंस ते म्हणून दाखवलं. लग्नात आभार मानतानासुद्धा तू मधेच दुरुस्त केलंस आणि नवरीने सगळ्या पाहुण्यांसमोर ते वाक्य परत म्हटलं. आणि ही पोरगी पावसात छत्री धरून तुझं एक सोपं वाक्य पुरं करू शकली नाही. का, ते तुला कळलं नाही?

ते वाक्य खोटं झालं असतं म्हणून, मास्तर. तू शिकवलंस तसंच ती बोलली, अगदी शुद्ध. ऐकणाऱ्याला वगळून.

मी इथून तिला दोष देत नाही. तूही देऊ नकोस. तिच्याकडे तिकडचा पासपोर्ट आहे, ती आज उठून ऑस्ट्रेलियात जाईल. तुझ्याकडे आपला आहे. इथल्या सेफोचं म्हातारं असंच अडकलं होतं, मुलगा सिडनीत आणि हे विमानतळावरून परत. फेरेतीला तिकडे काम मिळालंय म्हणजे इकडचं जाणार असेल. ती तुला हे सांगायला डोंगर ओलांडून घेऊन गेली. 'एकदा बघून घ्या' म्हणत होती. तू तिला 'एकदा' खोडायला लावलास.

मी चुकीचंही सांगत असेन. मी नर्स होते, व्याकरणवाली नाही. तूच तिला विचार. पण विचारताना दुरुस्त करू नकोस.

घर दिलेलं नाही. आपेरामोला सांगितलं, पास्टरांच्या प्रार्थनेला मुहूर्त नाही. तो म्हणाला, "आत्या, प्रार्थनेला कसला मुहूर्त?" मी म्हटलं, "मी सांगते तो." त्याची बायको हसली. तिला वाटतं मला वेड लागलंय. लागू दे. भावाच्या घरावर बहिणीचा शब्द चालतो, हे अजून या गावाला माहीत आहे.

फणसही उभा आहे. एक पिकून पडला, तो मी खाल्ला.

ताई


क्राइस्टचर्च, २ जुलै

प्रिय ताई,

तुझे पत्र शुक्रवारी आले. शनिवारी मी रूताला विचारले. ती स्वयंपाकघरात कांदे चिरत होती.

मी म्हणालो, "त्या दिवशी खडकापाशी तू म्हटलेले वाक्य बरोबर होते."

"कुठलं वाक्य, बाबा?"

"आम्ही ब्रिस्बेनला जातो आहोत."

तिने सुरी खाली ठेवली. मग एकदम बोलू लागली. "कारखाना बंद होतोय, बाबा. इथे दुसरं काही नाही. तुमच्यासाठी फेरेतीने किती कार्यालयांत चकरा मारल्या! तुमच्या कागदांवर ते लोक नाहीच म्हणतात. मी आत्याला तोंड कसं दाखवू? आईच्या दफनाला सगळ्यांसमोर बोलले होते मी…"

"मी व्याकरणाबद्दल बोलतो आहे," मी म्हणालो. "वाक्यात चूक नव्हती. मी केलेली दुरुस्ती मागे घेतो."

ती आधी हसली. इतकी हसली, की तेउइला धावत आली. मग ओट्याला धरून रडू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात माझाच आहे, हे मला थोड्या वेळाने कळले. फेरेती दारात उभा होता. तो म्हणाला, "बाबा, शिव्या द्या. दोन चार द्या, मला बरं वाटेल." मी त्याला सांगितले की 'दोन-चार' या जोडशब्दात संयोगचिन्ह द्यावे लागते, नुसते 'दोन चार' म्हटले, तर दोन द्यायच्या की चार, हे ठरत नाही. तो म्हणाला, "बोलताना चिन्ह कुठून आणू, बाबा?" मग तोही डोळे पुसत बाहेर गेला आणि गाडीच्या काचेवर नवे रबर बसवत बसला. ते जागेवर बसेना. तेव्हा मी छत्री घेऊन त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो. दांडा त्याच्याकडे झुकवून धरला.

तुला वाटत असेल, आता तरी हा रडला असेल. नाही. अजून काहीच होत नाही. जेवण समोर आले की जेवतो. कुंपण अजून पांढरे आहे. एवढा फरक पडला आहे, की ते पांढरे आहे हे मी कुणाला तरी सांगेन, असे पाहताना मनात येते.

मी परत येतो आहे. विमान ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आपियाला उतरेल. तेथून सकाळची बोट धरीन. धक्क्यावर येऊ नकोस, तुझे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. आपेरामोला ट्रक घेऊन पाठव आणि त्याला सांग, की मागच्या दोन खोल्या त्याने आजच घ्याव्यात. पुढची माझ्यासाठी ठेवावी. कपाट तिथेच असू द्यावे. त्याच्या बायकोला बिया उचलायला लावू नकोस. थडग्याच्या एका कडेला बसण्यापुरती जागा ठेवली, तरी पुरे.

रूता जाण्यापूर्वी एकदा तागाला येऊन जाईन म्हणते. या वाक्यातला 'एकदा' मी तसाच राहू दिला.

मी आलो की संध्याकाळी आपण दोघे लांगीपाशी बसू. 'आपण दोघे' हे मी तपासून लिहिले आहे.

तुझा भाऊ,
एनेलिको